सोन्याची चिमणी

नववीच्या वर्गात क्रियापदं शिकवताना मी दुखण्याची उदाहरणं घेतो. पोरांना त्यात मजा येते. दात ठणकतो, गळू ठसठसतं, काटा सलतो, डोळे चुरचुरतात, मिरचीने हात भगभगतात, पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते, गुडघ्यात कळ येते. फळा भरून जातो. पुढचा तास उर्दूचा असला की तोच खेळ पुन्हा: दर्द, टीस, चुभन, जलन, मरोड, ऐंठन. उर्दूत नामं जास्त, मराठीत क्रियापदं जास्त. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. ‘मला दुखतं’ आणि ‘मुझे दर्द होता है’. ज्याला दुखतं तो वाक्याचा कर्ता नसतो. ‘मी दुखतो’ असं कोणी म्हणत नाही. दुखणं आपण करत नाही, ते आपल्याला होतं.

मागच्या वर्षी धाकट्याच्या पोटदुखीत हे व्याकरण मला सारखं आठवत राहिलं, कारण चार महिने बहुतेक लोक त्यालाच कर्ता ठरवत होते. नाटक करतो. बहाणे करतो. लाड करून घेतो.

धाकटा तेव्हा सात वर्षांचा, दुसरीत. जुलैमध्ये एकदा शाळेतून आला आणि पोट धरून बसला. बाहेरचं काही खाल्लं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. दोन दिवसांनी पुन्हा. मग आठवड्यातून तीन-चारदा. बेंबीच्या आसपास, पंधरा-वीस मिनिटं, कधी तासभर. चेहरा पांढराफटक, गुडघे पोटाशी. ताप नाही, उलटी नाही. आणि थांबलं की लगेच बॅट घेऊन बाहेर. हे लगेच खेळायला पळणं त्याच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा ठरलं. जणू खरं दुखणाऱ्याने दिवसभर अंथरुणातच राहिलं पाहिजे.

हिंग कालवून बेंबीभोवती लावून झाला. ओवा झाला. फॅमिली डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग गॅसचं सिरप. फरक नाही.

‘कसं दुखतं?’ असं विचारलं की तो गप्प व्हायचा. टोचतं का, जळतं का, मुरडा येतो का, असं एकेक विचारलं तर सगळ्यालाच मान हलवायचा. आम्ही इचलकरंजीचे. गल्लीत दोन्ही बाजूंना कारखाने, लूमची खटखट रात्रंदिवस चालू. ती इतकी अंगवळणी पडलीय की रात्री वीज जाऊन आवाज थांबला तर जाग येते. एका संध्याकाळी तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “अब्बा, पेट में लूम चालू हुआ.”

माझ्या फळ्यावरच्या एकाही क्रियापदात हे नव्हतं. धोटा इकडून तिकडे, ठोका, तिकडून इकडे, ठोका. कळ येते, सुटते, परत येते, आणि बटण आपल्या हातात नसतं. त्या दिवसापासून घरात पोटदुखीचं नाव लूम पडलं. लूम चालू, लूम बंद, आज दोन पाळ्या झाल्या. त्याची अम्मी कॅलेंडरवर लूमच्या तारखांना गोल करायला लागली. पुढे डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडली ती ही गोलांची पानं.

माझ्या अम्माने मिरच्या आणि मीठ उतरवून जाळलं. ठसका आला नाही, म्हणजे नजर जबर, असा तिचा निकाल. मी नजर मानत नाही. पण एक सांगायला हवं. त्या चार महिन्यांत घरात, शेजारात, स्टाफरूममध्ये ज्यांनी ज्यांनी मत दिलं, त्यांच्यात पोराच्या दुखण्याबद्दल एकदाही शंका न घेतलेलं माणूस म्हणजे अम्मा. तिने शोधलेलं कारण मला पटत नव्हतं, पण तिने पोराला खोटं ठरवलं नाही.

ऑगस्टमध्ये पहिली रक्ततपासणी झाली. सीबीसी, ईएसआर, सोबत लघवीची तपासणी. लॅबमधला पोरगा चांगल्या मनाचा होता, हसून म्हणाला, “मुंगी चावल्यासारखं होईल, बस.” मग एकाने खांदे धरले, दुसऱ्याने दंड दाबला. शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं. येताना स्कूटरवर धाकटा एक शब्द बोलला नाही. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर मागून म्हणाला, “अब्बा, वो मुंगी नै थी.”

मला माझी सुन्नत आठवली. मी पाच वर्षांचा होतो. नवे कपडे, गळ्यात हार, बताशे, घरात बायकांची गाणी. खलिफा आला, मामूने मला मांडीवर घेऊन पाय धरले आणि सगळे एकदम ओरडले, “वो देख, ऊपर देख, सोने की चिडिया!” आमच्या पिढीच्या बहुतेक मुसलमान पुरुषांनी ही सोन्याची चिमणी पाहिलेली आहे, म्हणजे पाहिलेली नाही. मी वर पाहिलं तर पत्रे होते. पुढे कितीतरी वर्षं कोणी वर बघ म्हटलं की मी आधी खाली बघायचो. ते लोक वाईट नव्हते. माझ्यावर जीव टाकणारेच होते. क्षणभर लक्ष दुसरीकडे गेलं की पोराचं काम सोपं होईल, एवढाच त्यांचा हिशेब. आता आमच्यात बहुतेकजण दवाखान्यातच, तान्हेपणी, भूल देऊन करून घेतात. माझ्या दोन्ही मुलांचं तसंच झालं, त्यामुळे त्यांच्या आठवणीत ही चिमणी नाही. ती आणायचीही नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं.

मग आम्ही नियम केला. पुढची प्रत्येक तपासणी आदल्या रात्री त्याला सांगायची. काय करणार, कोण करणार, दुखणार की नाही. दुखणार असेल तर ‘दुखेल’ म्हणायचं. किती, ते त्याने विचारलं तर त्याला माहीत असलेल्या गोष्टींशी तोलून सांगायचं. सायकलवरून पडून गुडघा फुटला होता, त्याच्यापेक्षा कमी. बोट दारात सापडलं होतं, त्याच्यापेक्षा पुष्कळच कमी. माहीत नसेल तर ‘विचारून सांगतो’ म्हणायचं. हे मी मनाने ठरवलं होतं. नंतर वाचनात आलं की जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीकरणाच्या वेळच्या वेदनेबद्दल ज्या सूचना काढल्या, त्यांत जवळपास हेच आहे. मुलाजवळ आई-बाप थांबू द्यावेत, मोठ्या मुलाला आडवं न करता बसवून सुई द्यावी, आणि ‘एक सेकंदच दुखेल’ असले खोटा दिलासा देणारे शब्द टाळावेत. आपल्याकडे नर्सबाई आधी काय म्हणतात? ‘पालकांनी बाहेर थांबा.’ मी दरवेळी हात जोडून म्हणायचो, मी मध्ये बोलणार नाही, फक्त त्याला मांडीवर घेऊन बसतो. तीनदा परवानगी मिळाली, एकदा नाही.

सप्टेंबरात सोनोग्राफी. आदल्या रात्री सांगितलं, सुई नाही, पोटावर थंडगार मलम लावतील आणि टीव्हीवर पोटाच्या आतलं दिसेल. सकाळी काही खायचं नाही. त्याचे डोळे चमकले. “मेरा रोजा है?” आमच्याकडे लहान पोरांच्या अर्ध्या दिवसाच्या रोजाला चिडी का रोजा म्हणतात, दुपारी सोडायचा. म्हटलं, तसंच समज. पण तिथे गेल्यावर बाई म्हणाल्या, लघवी तुंबली पाहिजे, बाटलीभर पाणी पाज. हा तोंड उघडेना. “रोजे में पानी नै पीते.” हा डॉक्टरांचा रोजा आहे, त्याचे मसले वेगळे, असा फतवा मी तिथल्या तिथे दिला तेव्हा कुठे प्यायला. मग ताटकळत बसलो. तो नुकताच मराठी भराभर वाचायला शिकला होता, त्यामुळे भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचायला लागला. येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि तो मला विचारत होता, “अब्बा, तो अपना क्या करते हैं यहाँ?”

रिपोर्टमध्ये इंग्रजीत होतं की पोटात काही मेसेंटरिक लिम्फ नोड्स दिसतात, सगळ्या एक सेंटिमीटरपेक्षा लहान. मराठीत सांगायचं तर आतड्यांच्या पडद्यातल्या बारीक गाठी. ‘गाठ’ हा शब्द ऐकून माझी बायको मटकन खालीच बसली. पुढे कळलं की लहान मुलांत अशा गाठी बऱ्याचदा दिसतात आणि एवढ्या आकाराच्या असल्या तर त्यांना फारसा अर्थ नसतो. पण रिपोर्ट हातात ठेवणाऱ्याने तेवढं एक वाक्य बोलायला काय हरकत होती? ते बोलायला कोणाला वेळ नव्हता. एका खासगी दवाखान्यातल्या सर्जननी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, अपेंडिक्स असू शकतं, काढून टाकू, तीन दिवसांत घरी. माझ्या बायकोने विचारलं, “असू शकतं म्हणजे आहे का?” ते म्हणाले, आत बघितल्यावर कळेल. बायकोने टेबलावरची फाइल उचलली. मी तिच्या मागोमाग बाहेर आलो. आमच्या घरात डॉक्टरांना प्रश्न विचारणारी ती एकटीच.

मिरजेला जायचं ठरलं. या भागातल्या माणसाला मिरज म्हणजे काय हे सांगायला नको. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी तिथे मिशनचा दवाखाना उघडला, तेव्हापासून कोल्हापूर, कोकण, कर्नाटकातून लोक तिथे दुखणी घेऊन येतात. आणि दवाखान्यातून निघालेले पुष्कळजण मीरासाहेबांच्या दर्ग्याला जातात, हिंदू काय मुसलमान काय. अम्माने निघतानाच अट घातली होती, आधी डॉक्टर की आधी दर्गा ते तुम्ही ठरवा, पण दोन्ही. आम्ही आधी डॉक्टर केलं.

लहान मुलांच्या पोटाच्या त्या डॉक्टर. वय साठीच्या आसपास. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि आमच्याशी न बोलता आधी त्याच्याशी बोलल्या. टेबलावर चेहऱ्यांचा तक्ता होता. हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे. अमेरिकेत डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी १९८०च्या दशकात तो मुलांसाठी तयार केला, नंतर जगभर पसरला. “तुझं पोट दुखतं तेव्हा यातला कुठला?” याने पहिल्या हसऱ्यावर बोट ठेवलं. बाहेर बसलेल्या एका काकांनी आत डोकावून ‘बघा!’ असा चेहरा केलेला मला दिसला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “हा तुला आवडला म्हणून दाखवलास की तसं वाटतं म्हणून?” तो म्हणाला, आवडला. मग शेवटच्या चेहऱ्याबद्दल विचारलं तर म्हणाला, तो रडतोय, मी रडत नाही. मॅडमनी सांगितलं, न रडतासुद्धा तेवढं दुखू शकतं. त्याने थोडा विचार केला आणि शेवटून दुसरा दाखवला. मी मुलांच्या आकलनाचे पेपर तपासत आलो आहे. प्रश्न नीट न कळल्याने चुकलेलं उत्तर आणि न येणारं उत्तर यांतला फरक इतक्या चटकन ओळखणारे मी कमी पाहिलेत.

मी भीत भीत लूमची गोष्ट सांगितली. मॅडम हसल्या नाहीत. त्याला विचारलं, “लूम कुठं बसवलंय, एका बोटाने दाखव.” त्याने बोट न लावता बेंबीवर अख्खा तळहात फिरवला. “रात्री झोपेतून उठवतं का?” नाही. “रविवारी?” कमी. मग आम्हाला विचारलं: वजन घटलंय का, शौचातून रक्त, वारंवार ताप, हिरवी उलटी, उंची वाढायची थांबलीय का, घरात कोणाला आतड्याचा आजार? सगळ्याला नाही. टीबी? हो. माझ्या थोरल्या चाचांना होता, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करून बरे झाले, पण आमच्याच वाड्यात राहतात.

पोट तपासताना त्या क्रिकेटचं बोलत होत्या आणि नजर त्याच्या चेहऱ्यावर. डाव्या बाजूला हात थांबला. मग सहज विचारल्यासारखं, “शाळेत संडासला जातोस?” मान नाही. “का रे?” त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “कडी नाही. मोठी पोरं दार ढकलतात.”

इतके डॉक्टर, इतके कागद, आणि हा प्रश्न कोणत्याही फॉर्मवर नव्हता. सात वर्षांचा मुलगा संडासला एकटा जातो, आत काय होतं ते त्यालाच माहीत. तो सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच दाबून धरायचा, घरी आल्यावरही मग नीट होईना. मॅडम म्हणाल्या, मळ साठलाय, हे एक कारण आहे. एकमेव असेल असं आज म्हणत नाही. टीबी आणि गव्हाच्या त्रासाची, म्हणजे सिलिअ‍ॅकची, तपासणी करून घेऊ. त्यापुढे सुया टोचायच्या नाहीत.

रक्त घेण्याआधी तासभर हातावर बधिर करणारं मलम लावून वर प्लास्टिक चिकटवायला त्यांनी लिहून दिलं. असं काही असतं हे आम्हाला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याला मांडीवर घेतलं. म्हटलं, सुई जाईल, थोडं कळेल, मी दहापर्यंत मोजतो, रडलास तर चालेल, हात तेवढा हलवू नकोस. “कित्ता दुखेगा?” गुडघ्यापेक्षा कमी. सहाव्या आकड्याला काम झालं. तो म्हणाला, “गुडघे से भोत कम था.” मग टीबीची मांटू चाचणी. ती कातडीच्या आतच द्यायची असते, मलम लावलेलं नव्हतं, तिला तो रडला. जिथे टोचलं तिथे पेनाने गोल काढतात आणि ४८ ते ७२ तासांनी फुगवटा मोजतात. दोन दिवस त्याने तो गोल राखला. वजू करताना तो हात वर धरून बाकीचा कोपरापर्यंत धुवायचा प्रयत्न, आणि मोठ्या भावाकडून ‘ऐसा वजू नै होता’ यावर भांडण. १० मिलिमीटर किंवा जास्त आलं तर काळजी. त्याचं चार आलं. सिलिअ‍ॅकही नाही.

परतताना दर्ग्यात गेलो. अम्माने फातेहा दिला, धाकट्याने मलिदा खाल्ला. तिथल्या अंगणात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, ती त्याला दाखवली. ते गायचे, असं म्हटल्यावर “पोट दुखत असलं तरी?” असं त्याने विचारलं. मी विचारून सांगतो म्हटलं.

सगळे रिपोर्ट नॉर्मल. घरी आनंद झाला, अम्माने शेजारी साखर वाटली. आणि त्याच रात्री त्याने अंधारात विचारलं, “अब्बा, सब नॉर्मल है, मंग मैं झूट बोलरा था क्या?”

नॉर्मल या शब्दाची दुसरी बाजू मला तेव्हा दिसली. आपण मोठी माणसं तो शब्द ऐकायला जिवाचा आटापिटा करतो. मुलाला मात्र त्यात ऐकू येतं की मशीनने माझ्याविरुद्ध साक्ष दिली. आणि बाहेर साक्षीदार तयारच होते. एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये सांगितलंच, नॉर्मल आलं ना, आता दोन फटके द्या, पोट बरं होईल.

तेव्हा मी थोडं वाचलं, मॅडमनाही विचारलं. ब्रिस्टलच्या जॉन अ‍ॅप्ली नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९५८ साली १००० शाळकरी मुलांची पाहणी केली होती. दहातल्या साधारण एका मुलाचं पोट असं वारंवार दुखत होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांत शरीरात काही दोष सापडला नाही. दुखणं बेंबीपासून जितकं लांब तितकी आत काही बिघाड असण्याची शक्यता जास्त, हा आडाखाही त्यांचाच. मॅडमनी एका बोटाने दाखव म्हटलं ते त्यासाठी. आतड्यांना स्वतःच्या मज्जातंतूंचं मोठं जाळं असतं, ते मेंदूशी सारखं बोलत असतं. काही मुलांत ते जाळं जास्त हळवं होतं. साधा वायू, साधी हालचाल त्याला कळ म्हणून जाणवते. दोष सोनोग्राफीत दिसत नाही म्हणून कळ खोटी होत नाही.

हे सात वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं? ते काम त्याच्या मामूने केलं. तो कारखान्यात जॉबर आहे. म्हणाला, “ऑटोलूमवर धागा तुटला की दिवा लागतो आणि लूम थांबतं. कधी कधी धागा तुटलेलाच नसतो, तरी दिवा लागतो. मी जाऊन बघतो, सगळे धागे ठीक. पण दिवा तर लागलेलाच असतो ना? तो काय झूट आहे?” धाकट्याला पटलं. मलाही इतकं साफ सांगता आलं नसतं.

न दिसणाऱ्या दुखण्यावर विश्वास ठेवायला डॉक्टरांनाही वेळ लागलाय. १९८०च्या दशकापर्यंत तान्ह्या बाळांवर, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या, अगदी नावापुरती भूल देऊन ऑपरेशन करणं चालत असे. त्यांना वेदना कळत नाहीत असा समज होता. इंदूरला डॉक्टर झालेल्या कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये हे तपासलं आणि १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलं: नीट वेदनाशामक दिलेली बाळं ऑपरेशन जास्त चांगलं सोसतात. बाळ बोलू शकत नव्हतं, म्हणून त्याचं दुखणं कोणी मोजलं नव्हतं. २०२० मध्ये वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारताना टिपेत लिहिलं की माणूस दुखतं म्हणाला तर त्याचा मान राखावा.

आमच्यात आणखी एक शब्द असतो, सब्र. नातेवाईक आले की पोराच्या डोक्यावर हात ठेवून ‘सब्र कर बेटा’ म्हणायचे. माझा शब्दावर राग नाही. पण सब्र म्हणजे तोंड बंद ठेवणं, हा अर्थ आपण कुठून आणला? सब्रचं उदाहरण म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांनी स्वतः अल्लाहपुढे आपलं दुखणं बोलून दाखवलं होतं, ते कुरआनातच आहे. धाकट्याला मी हा किस्सा सांगितला. तो म्हणाला, त्यांचं पोट दुखायचं का?

कडीचं राहिलं. मी आणि आणखी दोन पालक त्याच्या शाळेत गेलो. उत्तर मिळालं की कडी बसवली तर पोरं आतून लावून बसतात. बराच वेळ बोलल्यावर परवानगी मिळाली, निधी नाही. मामू रविवारी ड्रिल घेऊन गेला आणि दोन्ही दारांना कड्या बसवून आला. दोन कड्या, स्क्रूसकट, दोनशे रुपयांच्या आत. तोवर तपासण्यांवर किती हजार गेले होते ते मी इथे लिहीत नाही. त्या तपासण्या फुकट गेल्या असंही माझं म्हणणं नाही, टीबीची भीती जायलाच हवी होती. पण आमच्या शाळेतल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, का ते सगळ्या शिक्षकांना माहीत आहे, आणि पोट दुखतं म्हणून त्या अर्ध्या सुट्टीत घरी जातात तेव्हा हजेरीत फक्त ‘आजारी’ लिहिलं जातं.

पाण्यात मिसळायची पावडर रोज, जेवल्यावर दहा मिनिटं संडासात निवांत बसणं, आणि दुखलं तरी शाळा न चुकवणं, हे मॅडमचं औषध. शेवटचं अवघड होतं. दुखणं खरं मानायचं आणि तरी शाळेत पाठवायचं, हे शेजाऱ्यांना दुटप्पी वाटलं. धाकट्याला वाटलं नाही. लूम चालू असताना मामूपण कामावर जातो, असं त्याचं म्हणणं.

आता कॅलेंडरवर महिन्याला तीन-चार गोल असतात. मागच्या महिन्यात दोन होते, या महिन्यात आत्ताच चार झालेत. का, ते माहीत नाही. पुढची भेट दिवाळीच्या सुट्टीत आहे. त्याने विचारलं, सुई आहे का? मी म्हटलं, नाही, फक्त वजन आणि उंची. मग बाहेर जाऊन मिरजेला फोन लावला आणि मॅडमच्या असिस्टंटकडून तेवढंच आहे ना, याची खात्री करून घेतली.